मदत हवी आहे: सौदीत काळा, जाड शेपटीचा विंचू, आणि घरी लहान मूल येणार आहे

नमस्कार मंडळी,

मी सौदीत अल-अहसाकडे साइटवर कामाला आहे. बायको आणि चार वर्षांची मुलगी लवकरच राहायला येताहेत, म्हणून हा धागा.

काल रात्री यूव्ही टॉर्च मारला तर पोर्टाकॅबिनच्या पायरीखाली एक विंचू हिरवट-निळा चमकला. साध्या उजेडात पाहिला: काळपट, पुढचे चिमटे काडीसारखे बारीक, शेपटी मात्र चांगली जाड, प्रत्येक मणक्याला कंगोरे. नेटवर शोधलं तर अँड्रोक्टोनस क्रासिकॉडा वाटतोय.

मी मूळचा रायगडचा. आमच्याकडे काळ्या इंगळीला कुणी फारसं भीत नाही, भीती लाल विंचवाची. इथले सहकारी मात्र काळा दिसला की दहा फूट लांब! विचारायचंय ते असं:

१. ओळख बरोबर आहे का?
२. भारतातून विंचवाचं सीरम आणि प्राझोसिनच्या गोळ्या (विंचू चावल्यावर देतात त्या) आणून ठेवू का?
३. खोलीत काय काळजी घ्यायची?

प्रतिसाद १:
वर्णनावरून तोच वाटतो. रंग विसरा, चिमटे बघा. आपल्या इंगळीचे चिमटे खेकड्यासारखे रुंद असतात, ती ताकदीवर भक्ष्य धरते. बारीक चिमटेवाला विषावर अवलंबून असतो. कोकणातला लाल विंचू आणि हा एकाच कुळातले. तिथला पिवळा, सडपातळ लेयुरस दिसला तरी तितकंच जपा.

सीरम आणू नका. आपलं सीरम लाल विंचवाच्या विषापासून बनतं. सौदीत तिथल्या विंचवांसाठीचं प्रतिविष रियाधलाच तयार होतं. जवळच्या कुठल्या इस्पितळात ते ठेवतात, एवढं आजच विचारून घ्या.

प्राझोसिनवर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेलं काम मोठंच आहे, पण ती गोळी रक्तदाब खाली आणते. मुलाला घरच्या घरी द्यायची वस्तू नव्हे ती. विष नसांतल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं, त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो: दरदरून घाम, लाळ, उलट्या, हातपाय गार, मग हृदय आणि फुप्फुसांवर ताण. मोठ्या माणसाचं पुष्कळदा ठणक्यावर निभावतं, लहान मुलाचं सांगता येत नाही. त्यामुळे लक्षणांची वाट न बघता निघायचं. चिरा देणं, घट्ट बांधणं काही नको. रुग्णवाहिकेचा नंबर ९९७.

प्रतिसाद २:
आखातात बरीच वर्षं काढलीत, तिसऱ्याचं मी सांगतो. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. पायरीजवळच्या फळ्या, विटा, खोकी आधी हलवा, तेही हातमोजे घालून. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. पलंग भिंतीपासून लांब, चादर जमिनीला टेकता कामा नये. गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही, म्हणून मुलीच्या पलंगाचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवा.

आणि टॉर्च रोज झोपायच्या आधी फिरवा. नुकती कात टाकलेला विंचू त्यात नीट चमकत नाही, म्हणून साधी बॅटरीही सोबत असू द्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. गोळ्यांचा बेत रद्द. पट्टी उद्याच आणतो. बरण्या चालतील, पण पलंग लोखंडी आहे, पाय चौकोनी. रुंद तोंडाची जाड काचेची बरणी तिकडे कुठल्या दुकानात मिळते?