दगडी शाळेला धोकादायक इमारतीची नोटीस: वाचवता येईल का, आणि नाहीच वाचली तर आधी काय उचलायचं?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

सोलापूरच्या जुन्या गावठाणातली शाळा. चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली, जागाही तिचीच. इमारत शंभरीच्या आसपासची. खाली काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, वर विटांचा मजला, सागवानी कैच्यांवर (छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांवर) मंगलोरी कौलं, जमिनीला शहाबादी फरशी. मागच्या दोन वर्गांवर माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर) होतं, त्यावर नंतर सिमेंटचा कोबा घातला आणि पाण्याची टाकी ठेवली. आता महापालिकेची नोटीस आली आहे. सोबत खासगी अभियंत्याचा चार पानी स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. संस्था म्हणते उन्हाळ्याच्या सुटीत पाडू. माजी विद्यार्थ्यांची सह्यांची मोहीम चालू आहे, पण सह्यांनी काय होतं? नेमकं काय करावं? इमारत नाहीच वाचली तर कोनशिला, दारं, घंटा, जुनी रजिस्टरं यांतलं आधी काय बघायचं?

गुण्या_ओळंबा

सह्या चालू राहू द्या, पण आधी नोटिशीवरचं कलम वाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं २६४ असेल, तर त्या कलमातच पाडणं, आधार देणं आणि दुरुस्ती करणं हे सगळे पर्याय आहेत. धोकादायक म्हणजे पाडाच, असं कायदा म्हणत नाही. कलम २६५अ असेल, तर तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट करून दाखला द्या एवढंच ते सांगतं.

मग अहवालातला वर्ग. नगरविकास विभागाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. कागदावर सी-२अ आणि तोंडी 'पाडायलाच सांगितलंय' हा घोळ नेहमीचा.

चार पानी अहवालावर माझा विश्वास बसत नाही. त्यात रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागावर ठोका देऊन मजबुती अंदाजणाऱ्या यंत्राचे) आकडे आहेत का बघा. ते यंत्र काँक्रीटसाठी आहे, चुन्यातल्या दगडी भिंतीवर त्याचे आकडे निरर्थक. अशा इमारतीच्या अहवालात भेगांचा नकाशा हवा, भिंतींचा फुगवटा ओळंब्यानं मोजून लिहिलेला हवा, आणि प्रत्येक कैचीचं टोक तपासलेलं हवं. सागवान मधे सहसा टणक असतं, सडतं ते भिंतीत गाडलेलं टोक, कारण पन्हाळीचं पाणी तिथंच मुरतं. टोच्यानं दाबून बघितलं की कळतं. सडलेला दोन-तीन फूट भाग कापून नवं सागवान पोलादी पट्ट्या आणि बोल्टांनी सांधता येतं, अख्खं छप्पर उतरवायची गरज नसते.

तुमच्या इमारतीत पहिला आरोपी ती टाकी आणि कोबा. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, तेही माळवदाच्या तुळयांवर. आणि सिमेंटखाली अडकलेली ओल बाहेर न पडता तुळयांत उतरते. टाकी आजच रिकामी करून खाली घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा असतील तर पायाखालची काळी माती बघा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेग चालू आहे की जुनी थांबलेली, हे कळायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग चालू आहे. खरं तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघायला हवा, पण दोन महिन्यांची नोंदही 'इमारत खचतेय' या मोघम वाक्यापेक्षा बरी. उपाय साधा आहे: पन्हाळीचं पाणी जोत्यापासून लांब काढा आणि भोवती मीटरभर रुंद, बाहेर उताराची फरशी घाला.

दुसरं मत लेखी घ्या. वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाला विचारा, मात्र चुन्यातल्या जुन्या बांधकामाचा अनुभव असलेलं माणूसच मागा. दोन्ही अहवाल जोडून आयुक्तांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

किल्लारी९३

एक बाजू मांडतो, राग मानू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं गेली ती अशाच जाड दगडी भिंतींखाली. दोन तोंडांच्या (आत-बाहेर दगडांचे वेगळे थर असलेल्या) भिंती, मधे गोटे आणि माती, वर माळवदाचं ओझं. जुनं ते मजबूत असं गृहीत धरून वर्गात मुलं बसवू नयेत.

गुण्या_ओळंबा

बरोबर आहे, आणि तपासायचं नेमकं तेच. तिथं जोडणी मातीची होती आणि दोन तोंडांना बांधणारे आरपार दगड नव्हते. इथं एका जागी आतून दगड काढून बघा. मसाला चुन्याचा आहे की मातीचा? आरपार दगड दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार फुटांच्या आत आहेत का? नसतील तर भोकं पाडून ते नव्यानं बसवता येतात, पोकळीत चुन्याचं पातळ मिश्रण हलक्या दाबानं भरता येतं. जोडणी मातीची निघाली आणि भिंत फुगलेली असली, तर तो भाग उतरवणंच शहाणपणाचं. तो भाग म्हणजे सगळी इमारत नव्हे.

दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना सिमेंट वापरू नका. ते दगडापेक्षा आडमुठं असतं, ओल सांध्यातून निघायच्या ऐवजी दगडातून निघते आणि दगडाची कड सुटते. एक भाग भिजवलेला चुना, दोन भाग वाळू आणि सुरकी (विटांची भुकटी) मिळून. चुना किमान पंधरा दिवस भिजलेला हवा, कच्चा राहिला तर भिंतीत फुलून टवके पाडतो. आणि हे काम एप्रिलमध्ये काढू नका की ओ, सोलापूरच्या उन्हात चुना धरायच्या आत सुकतो. दिवाळीनंतर करा, आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा.

पेठेतला_वकील

कायद्याचं थोडक्यात. महापालिकेच्या वारसा यादीत नाव आहे का ते बघा. असेल तर वारसा समितीचं मत घेऊन आयुक्तांची परवानगी मिळाल्याशिवाय पाडता येत नाही. शिवाय न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळण्याची तरतूद आहे, आणि संस्थेशी बोलताना हाच मुद्दा चालतो. इंटॅक या वारसा जपणाऱ्या बिगर-सरकारी संस्थेच्या यादीत नाव असणं वेगळं, त्यानं वजन वाढतं, संरक्षण मिळत नाही.

नुसतं पाडायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागत नाही. पण जागा विकसकाला विकली, अदलाबदल केली किंवा तीन वर्षांवर भाड्यानं दिली, तर सार्वजनिक न्यास अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली पूर्वमंजुरी लागते. म्हणून संस्थेच्या ठरावाची प्रत मागा. महापालिकेच्या फाइलसाठी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, मुदत तीस दिवस. सुटीत पाडणार असतील तर आजच टाका. कोर्टात जायची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत.

दप्तरखाना

इमारत वाचो न वाचो, आधी जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंदवही. ते कायम जतन करायचं दप्तर आहे, आणि ते निव्वळ आठवण म्हणून नाही. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. कित्येक घरांकडे आजोबांच्या शाळेतली ती एक ओळ सोडून दुसरा कागद नसतो. इमारत पाडताना रजिस्टरं 'तात्पुरती' पत्र्याच्या शेडमध्ये जातात आणि पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो.

हलवण्याआधी यादी करा: खंड, पहिला आणि शेवटचा नोंद क्रमांक, वर्षं, पानं. दोन सह्या. स्कॅन वरून कॅमेरा असलेल्या स्कॅनरवर, रंगीत, ३०० डीपीआय, पानं ओढून घेणाऱ्या यंत्रात चुकूनही नाही. शिवण उसवू नका, सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही बंद. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. मोडीतली पानं वेगळी खुणावून ठेवा, वाचणारा नंतर मिळेल. आणि हे फेसबुकवर टाकू नका. जन्मतारीख, जात, पालकाचं नाव ही लोकांची खासगी माहिती आहे.

शेरेबुक (तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची वही) आणि हजेरीपट रद्दीत जातात, ते राखा. जन्मस्थळाच्या रकान्यावरून तेलंगणातून आलेली विणकरांची कुटुंबं दिसतात, 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यावरून गिरण्यांचे दिवस. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉ (लष्करी कायदा) नंतरच्या महिन्यांचे शेरे असतील तर जरूर बघा. काचेला चिकटलेले फोटो सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

मंगळवारपेठकर

टाकी रिकामी करायला सांगितली. रजिस्टरांची यादी उद्यापासून. पण पाडण्याची निविदा पुढच्या आठवड्यात निघतेय असं आज कळलं.

टाकीचा_घाव

मग तुमची खरी मुदत ती निविदा. पाडकामात 'निघालेला माल ठेकेदाराचा' अशी ओळ असते, त्यावरच तो दर लावतो. सागवान, दारं, कौलं, लोखंडी गर्डर, घंटा, सगळं त्याचं. करार झाल्यावर मागितलं तर पैसे मोजा. म्हणून राखायच्या वस्तूंची फोटोसह यादी आजच अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या नावे द्या आणि ती निविदेला परिशिष्ट म्हणून जोडायला लावा. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा असला तरी यादीत नाव हवं, नाहीतर भंगारात किलोवर जातो.

मोजणी त्याआधी. खोल्यांना क्रमांक, प्रत्येक फोटोत मीटरची पट्टी, लागोपाठच्या फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सामाईक. नकाशे १:१००, दाराखिडक्या १:१०.

कोनशिला पाडकामाच्या पहिल्या दिवसाआधीच काढा. आधी अक्षरांचे फोटो, सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूनं टॉर्च धरून. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नका. वरचा थर उतरवून मग चारही सांधे छिन्नीनं मोकळे करा. चुना सुटतो. नंतर कुणी सिमेंट भरलं असेल तिथं घाई केली की कोपरा जातो. ब्रेकर तर लावूच नका. तीन फूट बाय दोन फूट, सहा इंच जाडीचा काळा दगड सव्वादोनशे ते अडीचशे किलो भरतो, चार माणसांनी उचलायचा नव्हे. तिवई आणि चेन पुली लावा, दोरखंडाखाली गोणपाट घाला. उभाच ठेवा, लाकडी चौकटीत. कमान ठेवायची असेल तर दगडांना डावीकडून क्रमांक घाला, तेही मागच्या तोंडावर, ऑइल पेंटनं. खडूचे आकडे ट्रकमध्येच पुसतात.