रंगहीन द्रावण आणि पिवळसर कलिल

औषध म्हणून विकले जाणारे कलॉइडल सिल्व्हर म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले मिश्रण, म्हणजेच कलिल. ‘कलॉइडल सिल्व्हर पाण्यासारखे नितळ असेल तरच ते अस्सल’ असा एक दावा केला जातो. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. चांदीच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याचा धनभारित आयन होतो आणि तो पाण्यात पूर्णपणे विरघळलेला असल्यामुळे द्रावण रंगहीन दिसते. धातुरूप चांदीचे नॅनोकण मात्र विरघळत नाहीत, ते पाण्यात विखुरलेले राहतात. सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश ते शोषून घेत असल्याने पातळ कलिलाला पिवळसर छटा येते. घरगुती यंत्रात ऊर्ध्वपातित पाण्यात चांदीच्या दोन तारा बुडवून वीजप्रवाह सोडल्यावर जे मिळते ते बव्हंशी आयनांचे द्रावणच असते, मग बाटलीवर काहीही छापलेले असो. त्यात चिमूटभर मीठ टाकले की सिल्व्हर क्लोराइडचा दुधी गढूळपणा दिसू लागतो. जठरातील आम्लातही क्लोराइड मुबलक असते, हे पिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. अर्थात धातुरूप कण म्हणजे निर्धोक, असेही नाही: त्यांच्या पृष्ठभागावरूनही आयन सुटत राहतात आणि दीर्घकाळ सेवन केल्यास दोन्ही प्रकारांनी त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानण्यास नकार दिला, तेव्हा त्यात असा भेद केलेला नव्हता.