बार्शी लाइटचं इंजिन: चबुतऱ्यावर की रुळावर?

कुर्डुवाडीकर
परवा एका स्टेशनाबाहेर नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं, जुनं इंजिन पाहिलं. चबुतरा, साखळी, चकचकीत रंग. ते कुठे बनलं, कोणत्या लाइनवर धावलं, याची एक ओळ नाही. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते, त्यामुळे फार लागलं.

बार्शी लाइट ही आमच्या भागातली जुनी नॅरोगेज रेल्वे, ती काही खेळण्यातली गाडी नव्हती. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा हिशोब असा होता: इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), चाकांच्या एका जोडीच्या आसावर 5 टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग एक यार्ड, म्हणजे तीन फूट, लांबीला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात आणि लाइनचा खर्च आवाक्यात येतो. गाड्यांची चाचणी आधी इंग्लंडात लीड्सजवळ झाली. 1897 मध्ये अडीच फुटी गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) बार्शी रोड (म्हणजे आपलं कुर्डुवाडी) ते बार्शी ही 21 मैलांची लाइन सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. बार्शीचा अनुभव कॅलथ्रॉपने स्टॅफर्डशायरच्या लीक-मॅनिफोल्ड लाइनवर वापरला, ती 1904 ची. आमच्या मातीत पारखलेली गोष्ट तिकडे गेली, हे आमच्या पोरांना कुठे दिसतं?

कुर्डुवाडीत संग्रहालय हवं. आणि दोन किलोमीटर का होईना, वाफेवर चालणारं इंजिन हवं.

लातूरची लेक
तुमची कळकळ पोचली, तरी मी विरोधात आहे. आमच्यासाठी नॅरोगेज म्हणजे कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलणं. माल असेल तर पोतं न् पोतं छोट्या वाघिणीतून काढून मोठीत भरायचं. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, वर सांडलवंड. धाराशिव शहर तर जुन्या लाइनवर नव्हतंच, ब्रॉडगेज (रुंद रूळ) करताना लाइन वळवली तेव्हा त्यांना स्टेशन मिळालं.

एप्रिल 2016 आठवा. दुष्काळात लातूरचे नळ कोरडे, टँकरवर पहारे. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. ती कोणत्या वाटेने आली? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. तुमच्याच बार्शी लाइटची वाट, फक्त रूळ रुंद झालेले. ते वेळेत झालं नसतं तर ती गाडी लातूरला पोचलीच नसती. ज्या लाइनने आम्हाला शंभर वर्षं अडवलं, तिच्या आठवणीपायी आता पैसे ओतायचे?

मोतीबागवाला
नागपुरात मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय 2002 पासून आहे. मी मुलांना घेऊन जातो. तिथली इंजिनं उभीच आहेत, तरी मुलं हात लावून, प्रश्न विचारून बरंच शिकतात. चालत्या इंजिनाचा आग्रह मला पटत नाही. बॉयलरच्या नळ्या बदलणं, दाबाची ठरावीक चाचणी, आतला क्षार धुऊन काढणं, हे सगळं जाणणारी माणसं आता किती उरलीत? एक नळी फुटली की इंजिन शेडमध्ये, आणि सगळे पैसे तिथेच अडकले. त्यापेक्षा त्याच पैशात जुन्या कामगारांच्या मुलाखती रेकॉर्ड करा. इंजिन दहा वर्षांनीही तिथेच असेल, माणसं नसतील.

कुर्डुवाडीकर
लातूरच्या ताई, पाण्याच्या गाडीचं मान्य. रुंदीकरण व्हायलाच हवं होतं, त्यावर माझा वाद नाही.

मोतीबागवाल्यांशी मात्र मी सहमत नाही. मुलाखत घ्यायची तर विचारणार काय? आजोबा सांगायचे, हातोडी मारून आवाजावरून रिव्हेट ढिला आहे का ते कळतं. हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकून कुणाच्या हाताला येणार नाही, त्यासाठी समोर पेटलेलं इंजिन आणि शेजारी चुका दाखवणारा माणूस लागतो. जाणकार कमी उरलेत म्हणूनच म्हणतो, आत्ताच करा.

लातूरची लेक
मग त्या संग्रहालयात कुर्डुवाडीचा बदलीचा फलाटही उभा करा. अलीकडे छोटी वाघीण, पलीकडे मोठी, मधे पोती आणि हमालांच्या पाठी. साहेबाचा 5 टनांचा हिशोब लिहिणार असाल तर एका हमालाने दिवसाला किती पोती वाहिली, तेही त्याच भिंतीवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. एवढं असेल तर संग्रहालयाच्या मागणीवर माझी सही घ्या. इंजिन चालवायला माझा विरोध कायम.