मदत हवी आहे: एअरबसकडे जाण्याआधीचे शेवटचे पंधरा तास काट्यांवर की स्क्रीनवर?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना करतोय. लागणाऱ्या २०० तासांपैकी १७२ झालेत. उरलेल्यांतले बरेच ठरलेल्या कामात जातील, पण साधारण पंधरा तास कसे उडायचे हे माझ्या हातात आहे. आमच्याकडे दोन सेसना १७२ आहेत. एक जुनं, गोल डायल आणि काट्यांचं. दुसऱ्यात दोन मोठ्या स्क्रीन आणि ऑटोपायलट, आणि त्याचा तासाचा दर जास्त. बाबांनी घर तारण ठेवलंय, त्यामुळे प्रत्येक तास मोजूनच उडतो.

बॅचमधली पोरं म्हणतात, पुढं एअरबसच्या ए३२० या प्रवासी जेटवर जायचंय, तिथं सगळं स्क्रीनच, मग काट्यांवर वेळ कशाला घालवतोस? आमचे वयस्कर इन्स्ट्रक्टर मात्र नेमकं उलटं सांगतात.

परवा १९९० च्या बंगळूर अपघाताबद्दल वाचलं. १४ फेब्रुवारी, मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए३२०, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर उतरलं. १४६ पैकी ९२ जण गेले. तेव्हा आपल्याकडे हे विमान नुकतंच आलं होतं, म्हणून 'वैमानिकांना कॉम्प्युटर कळला नाही' असं मी धरून चाललो होतो. ते खरं आहे का? आणि असेल, तर स्क्रीनवरचे तास वाढवलेलेच बरे, नाही का?

(अहमदाबादच्या अपघातावर इथे चर्चा नको, कृपया. त्यासाठी वेगळे धागे आहेत.)

निवांत_कॅप्टन:
बाळा, प्रश्न चांगला आहे, पण बंगळूरचा धडा तू उलटा घेतलायस.

त्या दिवशी विमान 'ओपन डिसेंट' मोडमध्ये होतं. या मोडमध्ये इंजिनं आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर राहतात आणि वेग नाकाच्या कोनावर सांभाळला जातो. इकडं वैमानिक खाली जास्त उतरू नये म्हणून नाक वर ओढत होते. इंजिनं आयडलला आणि नाक वर, मग वेग पडणारच. १३२ नॉट हवा होता तिथं तो १०६ पर्यंत आला. ऑटोथ्रस्टनं (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) पुन्हा वेग धरावा म्हणून दोघांचेही फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठं ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या रेषा) बंद व्हायला हवे होते. एकाचा बंद झाला, दुसऱ्याचा चालूच राहिला.

आता नीट वाच. कॉकपिटमधल्या आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून कळतं की आपण आयडल ओपन डिसेंटमध्ये आहोत हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते बोललेही. दुसरा डायरेक्टर चालू असल्याचंही बोलणं झालं. म्हणजे कॉम्प्युटर कळला होता. इंजिनाची ताकद वाढवणारे थ्रस्ट लीव्हर पुढं ढकलायला मात्र हात उशिरा गेला. आयडलवरचं जेट इंजिन पूर्ण जोर धरायला काही सेकंद घेतं, आणि तेवढी उंची उरली नव्हती.

एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना लीव्हर एकाच खाचेत बसलेले असतात. इंजिनाची ताकद कमी-जास्त झाली तरी ते हलत नाहीत. तुझ्या सेसनात थ्रॉटल हातात असतो, तिथं हाताला जे कळतं ते इथं फक्त डोळ्यांना कळतं. म्हणून स्क्रीनच्या वरच्या पट्टीतला मोड बदलला की मोठ्यानं वाचायचा, अगदी झोपेतून उठवलं तरी. आणि दिसतंय ते हवं तसं नसेल तर चर्चा नंतर, हात आधी.

दुसरं उदाहरण एअर फ्रान्स ४४७, १ जून २००९. अटलांटिकवर ३५,००० फुटांवर वेग मोजणाऱ्या पिटॉट नळ्यांत बर्फ बसला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. उडवणाऱ्यानं स्टिक मागं ओढली, विमान ३८,००० पर्यंत चढलं, स्टॉल झालं (पंखांची उचल गेली) आणि साडेतीन मिनिटांत समुद्रात. २२८ माणसं. तेव्हा नाक आणि पॉवर ठरलेल्या जागी धरून थांबलं असतं तरी पुरलं असतं. पण तेवढ्या उंचीवर हातानं उडवायची सवय कुणाला असते? २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात उंची धरायला ऑटोपायलट लागतोच, मग सराव सिम्युलेटरमध्ये मिळेल तेवढाच.

तर माझं मत: दहा-बारा तास काट्यांवर. त्यातले दोन-तीन इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून, वेगाच्या डायलवर कागद चिकटवून सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारायचं. इंजिनाच्या कुठल्या आरपीएमला (मिनिटाला फेरे) आणि नाकाच्या कुठल्या कोनात विमान किती वेगानं जातं, हे अंगात भिनू दे. ए३२० वर वेग बेभरवशाचा झाला की हेच करतात. १०,००० फुटांच्या वर असाल तर पाच अंश नाक आणि क्लाइंब थ्रस्ट, हे पाठ असावं लागतं.

तेलाचा_डबा:
कॅप्टनसाहेबांशी सहमत, फक्त स्क्रीन अगदी सोडू नकोस. मी सिम्युलेटर देखभालीत आहे, पोरं रोज बघतो. काट्यांवरून आलेल्यांचा पहिला आठवडा बटणं शोधण्यात जातो. स्क्रीनवरून आलेल्यांची बटणं चटचट चालतात, पण दोघांचीही मुंडी खाली, टायपिंगमध्ये. बाहेर बघायला कुणी नाही! तीन-चार तास स्क्रीनवर कर, आणि खोलीच्या भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लाव. हात कुठं जातो याचा सराव फुकटात होतो.

भटक्या_विमुक्त:
उद्या कॉकपिटमध्ये एकच पायलट ठेवतील म्हणतात. घर तारण ठेवून शिकायचं कशाला?

निवांत_कॅप्टन:
@भटक्या_विमुक्त, आज दोघं लागतात आणि याला आज नोकरी हवी आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

धागाकर्ता:
काका, दादा, खूप आभार. काल पहिला कागदवाला तास झाला. वर असताना जमलं. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात मात्र मी निदान चारदा त्या कागदाकडेच बघितलं, सर हसत होते. कागद काढला तेव्हा काटा ७२ नॉटवर, हवा होता ६५. म्हणजे भीतीपोटी वेग जास्तच ठेवत होतो.

एक शंका राहिली. मोड मोठ्यानं वाचायची सवय या काट्यांच्या विमानात कशी लावू? इथं मोडच नाहीत.

निवांत_कॅप्टन:
पॉवर, नाक, वेग. काहीही बदललंस की हे तीन मोठ्यानं म्हण. शेजारी कुणी नसलं तरी म्हण. आणि ७२ पुढच्या तासाला ६८ वर आण, एकदम ६५ चा हट्ट नको.