मदत हवी आहे: डेबियन १२च्या इन्स्टॉलरला नेटवर्क कार्ड सापडत नाही (रिअलटेक ८१२६)

मंडळी,

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात कोहा बसवायचं काम चाललंय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, शोध हे सगळं सांभाळणारी मुक्तस्रोत प्रणाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने ती करून घेतली आणि २००० साली सगळ्यांसाठी खुली केली.) एका सभासदांनी त्यासाठी नवाकोरा संगणक देणगी दिलाय. त्यावर डेबियन १२ (लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणकप्रणाली) टाकायला घेतलं आणि नेटवर्कपाशी घोडं अडलं.

भाषा, कीबोर्ड झालं की इन्स्टॉलर म्हणतो, इथरनेट कार्ड सापडलं नाही, ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव माहीत असेल तर यादीतून निवडा. यादीत आर८१६९ दिसतो. रिअलटेकच्या कार्डांना तोच लागतो म्हणून तो निवडला, तर परत तोच प्रश्न समोर.

ऑल्ट-एफ२ने कन्सोल उघडून एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा) चालवलं. तिथे कार्ड आहे! इथरनेट कंट्रोलर, रिअलटेक, आणि क्रमांक १०ईसी:८१२६. पण आयपी लिंक (वापरता येणाऱ्या नेटवर्क कार्डांची यादी) विचारलं की फक्त एलओ, म्हणजे संगणकाचा स्वतःशीच असलेला जोड. केबल बदलून पाहिली, बायॉसमध्ये लॅन चालू आहे, आणि याच मशीनवर आधी विंडोजमध्ये इंटरनेट नीट चालत होतं. म्हणजे हार्डवेअर बिघडलेलं नाही असं मी धरून चाललेय.

डेबियन १३ टाका असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगते. जुन्या नोंदी आयात करणं, देवनागरी शोध, बारकोडची छपाई हे सगळं आम्ही चाचणीच्या मशीनवर १२वरच तपासलंय. ग्रंथपाल बाईंनी आपलं रोजचं काम सांभाळून एकेक नोंद डोळ्यांखालून घातली आहे. ती सगळी तपासणी पुन्हा करायला लावणं माझ्या जिवावर येतंय. १२वर राहून हे कार्ड चालवता येईल का? वेगळं कार्ड विकत घ्यायचं तर समितीची मंजुरी लागेल, तोवर शाळा सुरू होतील आणि मुलांची गर्दी वाढेल.

प्रतिसाद १

ताई, कार्ड चांगलं आहे, फक्त तुमच्या कर्नलपेक्षा (प्रणालीच्या गाभ्यापेक्षा) वयाने लहान आहे. डेबियन १२ जून २०२३मध्ये आलं, त्यातला कर्नल ६.१. ८१२६ ही ५ गिगाबिटची चिप आर८१६९ ड्रायव्हरला कळायला लागली कर्नल ६.९पासून, म्हणजे मे २०२४. त्याआधीच्या ड्रायव्हरला हा क्रमांकच ठाऊक नाही, त्यामुळे यादीतून कितीदाही निवडा, तो कार्डाला हात लावणार नाही. ड्रायव्हरला जबरदस्तीने क्रमांक शिकवायचे उपाय नेटवर सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. चिपची आवृत्ती ओळखता आली नाही की तो 'अननोन चिप' म्हणून माघार घेतो.

पेनड्राइव्हवर फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ठेवायचा जुना उपायही इथे कामाचा नाही. १२पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं, आणि तुमची अडचण फर्मवेअरची नाहीच.

असं करा. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) चालू करा आणि इन्स्टॉलरच्या मेनूतून 'नेटवर्क हार्डवेअर शोधा' ही पायरी पुन्हा चालवा. फोन नेटवर्क कार्ड म्हणून दिसेल. त्यावरून पूर्ण इन्स्टॉल उरका. मग सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) बुकवर्म-बॅकपोर्ट्सची (बुकवर्म म्हणजे डेबियन १२, बॅकपोर्ट्स म्हणजे त्यासाठी बांधलेली नवी पॅकेजं) ओळ घाला, तिच्यात मेनबरोबर नॉन-फ्री-फर्मवेअरही लिहा, आणि तिथून लिनक्स-इमेज-एएमडी६४ व फर्मवेअर-रिअलटेक ही दोन्ही पॅकेजं घ्या. ॲप्टला (पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेला) 'वजा टी' लावून बॅकपोर्ट्सचं नाव स्पष्ट द्यावं लागतं, नाहीतर ते जुनंच उचलतं. कर्नल ६.१२ मिळेल, डेबियन १३मध्ये आहे तोच. बाकी सगळी प्रणाली १२चीच राहते, म्हणजे कोहाच्या तपासणीला धक्का नाही.

प्रतिसाद २

एवढं कशाला? उत्पादकाचा आर८१२६चा सोर्स उतरवून डीकेएमएसने (ड्रायव्हर आपोआप बांधून देणाऱ्या साधनाने) बांधा. माझ्या घरच्या मशीनवर मस्त चालतंय.

प्रतिसाद ३ (पहिला प्रतिसाद देणारा)

घरी ठीक आहे हो. डीकेएमएसमध्ये दर कर्नल अपडेटला मॉड्यूल (म्हणजे तो ड्रायव्हर) नव्याने बांधलं जातं. एखाद्या वेळी ते फसलं की रीबूटनंतर नेटवर्कच नाही, आणि नेटवर्क नाही म्हणजे लांबून दुरुस्तीही नाही. वाचनालयात तेव्हा कोण धावणार? शिवाय सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल तर स्वतः बांधलेल्या मॉड्यूलची सही नोंदवत बसावं लागतं. बॅकपोर्ट्सचा कर्नल डेबियनने सही करूनच दिलेला असतो.

धागाकर्ती

दादा, तुमच्याच मार्गाने गेले. फोन लगेच सापडला, इन्स्टॉल झालं, ६.१२ही आला. आता आयपी लिंकमध्ये ईएनपी४एस० हे कार्डाचं नाव दिसतंय, तेव्हा फार बरं वाटलं! पण केबल लावूनही पत्ता मिळत नाही, अवस्था 'डाउन' दाखवतंय. फोन काढलेला आहे. अजून काही राहिलंय का?

प्रतिसाद ४

राहिलंय, पण कार्डाचं काम झालं. इन्स्टॉलच्या वेळी जे कार्ड वापरलं त्याचंच नाव इन्स्टॉलर ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये लिहून ठेवतो. तुमच्याकडे तिथे फोनचं नाव असणार, ईएनएक्सने सुरू होणारं लांबलचक किंवा यूएसबी०. त्या दोन्ही ओळींत (अलाउ-हॉटप्लग आणि आयफेस) त्याजागी ईएनपी४एस० लिहा आणि आयएफअप (कार्ड चालू करणारी आज्ञा) चालवा.

आणखी एक. पुढे कधी त्या मशीनमध्ये दुसरं पीसीआय कार्ड बसवलंत तर ४चा ५ होऊ शकतो, कारण नावातला तो आकडा पीसीआय बसच्या (कार्डं जोडणाऱ्या मार्गाच्या) क्रमांकावरून पडतो. ते टाळायचं असेल तर ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्कमध्ये एक डॉट-लिंक फाइल करा. मॅच विभागात कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि लिंक विभागात तुमच्या पसंतीचं नाव, उदाहरणार्थ लॅन०. मग इनिटरॅमएफएस (संगणक सुरू होताना वापरली जाणारी छोटी प्रणाली) अपडेट करा, आणि इंटरफेसेस फाइलमध्येही तेच नाव घाला.

धागाकर्ती

फोनचंच नाव होतं! दोन्ही ओळी बदलल्या, पत्ता मिळाला, वाचनालयाच्या दुसऱ्या संगणकावरून कोहाचं पान उघडलं. डॉट-लिंक फाइलही करून ठेवली. इथटूल (कार्डाची माहिती देणारी आज्ञा) वेग १००० मेगाबिट दाखवतंय, पण आमचा स्विच १ गिगाबिटचाच आहे आणि देवघेवीला तेवढा भरपूर.

राउटरवर या मॅकसाठी पत्ता राखून ठेवलाय, म्हणजे काउंटरवरच्या संगणकांत तो बदलत बसायला नको. दादा, मनापासून आभार. बाईंना आत्ताच फोन केला, सोमवारपासून नोंदी चढवायला घेतोय.