मदत हवी आहे: मोटोक्रॉसचं फुटेज चॅनेलच्या टेक्निकल तपासणीत अडकतंय

पुण्याजवळच्या मातीच्या ट्रॅकवर क्लबची मोटोक्रॉस (चढउताराच्या मातीवर बाइकची) रेस आहे. कॅमेरे तीन, सगळे सेकंदाला ३० फ्रेमवर. मराठी वाहिनीला क्रीडा बुलेटिनसाठी आणि जमलं तर अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी फुटेज द्यायचं आहे. आधीची फाइल परत आली: चित्र झटके मारतं, आवाज फाटलाय. काय बदलू?

उत्तर १
झटके ३० फ्रेममुळे. आपलं टीव्ही प्रसारण २५ फ्रेमचं. ३० चे २५ करताना दर सहा फ्रेमांतली एक गळते आणि गाडी टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून) उडाली की ते लगेच दिसतं. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ पद्धत एनटीएससीची (३०/६० फ्रेम) पाल (२५/५० फ्रेम) करा, तोवर बऱ्याच कॅमेऱ्यांत ५० चा पर्यायच दिसत नाही. ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) शूट करा, त्यातून १०८०आय५० (टीव्हीचा इंटरलेस्ड एचडी फॉरमॅट) काढा. फ्लडलाइटखाली शटर १/१०० सेकंद, नाहीतर चित्र लुकलुकतं. मोबाइलचं फुटेज मिसळणार असाल तर आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदला, कारण मोबाइलचा फ्रेमरेट हलता असतो आणि आवाज पुढेमागे सरकतो.

आवाज ऑटोवर मुळीच नको. स्टार्टचं गेट पडलं की सगळ्या गाड्या एकदम फुल थ्रॉटल, तिथेच फाटतो. मॅन्युअलवर ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डीबीपर्यंत. कॉमेंट्री वेगळ्या ट्रॅकवर. अंतिम लाउडनेस (एकूण आवाजाची सरासरी पातळी) किती ते वाहिनीच्या स्पेक शीटमध्ये, म्हणजे तांत्रिक अटींच्या कागदात, असतं (आर १२८ या युरोपीय प्रसारण मानकात उणे २३ एलयूएफएस, हे लाउडनेसचं एकक), ती शीट शूटच्या आधीच मागवा.

उत्तर २
स्लॉटच्या मागे नंतर लागा. आधी बुलेटिन, तिथे पैसे पडत नाहीत. ९० सेकंदांचं क्लीन फुटेज, वर ग्राफिक्स किंवा लोगो नको, त्याच संध्याकाळी पोचायला हवं. सोबत मराठीत कागद: रायडरचं नाव, गाडीचा नंबर, क्लास, क्रमांक. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, नंबर चुकला की बातमी चुकते. विजेत्याचा बाइट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) हेल्मेट काढून, १०-१२ सेकंद.

स्लॉट घेतलात तर तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मर्यादा धरून २४ मिनिटांचा कार्यक्रम कापा. मैदानावरच्या स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजली की ती प्रत्येक माइकमध्ये शिरतात आणि हक्कांचा प्रश्न उभा राहतो. हीट (रेसची फेरी) चालू असताना साउंडवाल्याला गाणी बंदच ठेवायला लावा. गुटखा किंवा दारूचे बॅनर फ्रेममध्ये नकोत.

धागाकर्ता
आभार! ड्रोन चालेल का?

उत्तर २
डिजिटल स्कायच्या (सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या) नकाशावर ट्रॅकचा झोन पाहा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे अंदाजाने उडवू नका. हिरवा (उडवायला मोकळा) झोन असला तरी रायडरच्या डोक्यावरून नाही, ट्रॅकच्या बाहेरच्या कडेनंच.