पडद्यावरचं व्यसन आणि घरातलं व्यसन: तुमचे अनुभव लिहा

सिनेमा-नाटकातला दारुडा आणि तुम्ही जवळून पाहिलेला (किंवा स्वतः असलेला) माणूस, यांचा मेळ कुठे बसतो, कुठे नाही? सुरुवात मी करते.

माझ्या नवऱ्याची दारू सुटून सात वर्षं झाली. देवदास प्रेमभंगामुळे पितो, म्हणून ओळखीचे मला हळूच विचारायचे, "त्यांना दुःख तरी कसलं आहे?" म्हणजे ते मीच दिलं असणार. तो आनंदातही प्यायचा, कंटाळा आला तरी प्यायचा. कुलपात किल्ली बसायला किती वेळ लागतोय, त्यावरून मला कळायचं आज किती झाली आहे. आजही दोन्ही हातांत पिशव्या असल्या की त्याची किल्ली अडखळते आणि माझ्या पोटात गोळा येतो. सुटल्यानंतरची ही वर्षं कुठल्याच सिनेमात नसतात.

प्रतिसाद १
नायक बाटल्या बेसिनमध्ये ओततो, एक रात्र थरथरतो आणि सकाळी नवा माणूस. मी अगदी तसंच केलं. बारा वर्षं रोज पीत होतो, कुणालाही न विचारता एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री आकडी आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसत होत्या आणि मी त्या हातांनी पुसत होतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या 48 तासांत आकडी येऊ शकते, दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो, हे मला दवाखान्यात कळलं. कृपा करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. तो बेसिनचा सीन मला आता बघवत नाही.

प्रतिसाद २
'एकच प्याला' म्हटलं की लोकांना तळीराम आठवतो. मला आठवतो दारू सोडलेला सुधाकर. तो शुद्धीवर येतो, कामासाठी ओळखीच्यांकडे जातो, ते झिडकारतात आणि तो पुन्हा पितो. 1919 सालच्या नाटकात गडकऱ्यांनी हे बरोबर पकडलंय. मी दोनदा घसरलो, दोन्ही वेळा "आता कोण विश्वास ठेवणार" याच विचाराने. फक्त माझ्यासाठी पडदा तिथे पडला नाही. तिसऱ्यांदा सोडली, तिला आता चार वर्षं झाली.

प्रतिसाद ३
पिणारी बाई पडद्यावर एक तर खलनायिका, नाही तर विनोदाला. मी दोन मुलांची आई होते आणि गृहपाठ वेळेवर तपासत होते, त्यामुळे कुणाला, मलासुद्धा, संशय आला नाही.

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचे सीनही तसेच: कुणी उभं राहून रडतं, सगळे टाळ्या वाजवतात. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संपल्यावर एक बाई म्हणाल्या, "जरा खुर्च्या उचलायला मदत करतेस का?" पुढच्या आठवड्यात मी खुर्च्या उचलायलाच गेले. बोलले पाचव्या आठवड्यात.